एकेचाळीस कोण?

रायफल आली त्या दिवशी मी मटार सोलत बसलो होतो. माझा मुलगा देवदत्त ऑफिसातून दुपारीच घरी आला होता, आणि हे म्हणजे नवलच. एरवी बँकेचे कॉम्प्युटर आणि हा, दोघं एकमेकांना सोडत नाहीत. दोन माणसांनी लांबट लाकडी खोकं आणलं, चार कागदांवर सह्या घेतल्या. ते गेल्यावर देवदत्तने पांढरे हातमोजे चढवले, जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि खोक्यातून थ्री-नॉट-थ्री काढून त्यावर ठेवली.

"बाबा, नंबर वाचा," तो मला म्हणाला.

मी चष्मा पुसून लावला आणि वाचला. के ७३१९.

"के त्र्याहत्तर एकोणीस," देवदत्त म्हणाला, आणि त्याचा आवाजच फुटला. बावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर निम्मे केस उरलेले, टेबल धरून उभ्या उभ्या रडायला लागला. "सापडली, बाबा. आबांची रायफल सापडली."

मी म्हणालो, "छान." आणि उरलेले मटार सोलले.

तुम्ही म्हणाल, काय दगड माणूस आहे. आहे. मला काही वाटत नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी बायको उर्मिला गेली, तेव्हाही माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, नंतर येईल रडू. नंतर मी सिंगापुरात, सेरंगूनला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो. रडू पुण्यातच राहिलं असावं, नाहीतर विमानतळावर पाण्याच्या बाटलीबरोबर काढून घेतलं असेल. डॉक्टर म्हणतात साखर थोडी जास्त आहे, बाकी सगळं ठीक.

पण एक गोष्ट सांगतो. ती रायफल आबांची नव्हती. आबांची रायफल असणं शक्यच नव्हतं, कारण आबा म्हणजे माझा बाप, बाळू, पलटणीत लांगरी होता. लांगरी म्हणजे स्वैपाकी. त्याने उभ्या आयुष्यात रायफलीला हात लावला असेल तर ती कुणीतरी चुलीजवळ ठेवली म्हणून बाजूला सारायला.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरटी एक माणूस पलटणीत, आणि काही घरांत दोन. गावातल्या पोरांना पाढे येत नसत, पण बापाच्या रायफलीचा नंबर येई. शाळेत भांडण झालं की पोरं नंबर सांगत. माझ्याकडे सांगायला नंबर नव्हता. आबा सिंगापुरात तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत राहून आला होता, पण लढून नव्हे, कणीक मळून. शेवटी शेवटी तर कणीकही नव्हती, कसली तरी कंदमुळं उकडून देत असत, एवढंच तो एकदा बोलला. बाकी तो बोलतच नसे.

खंडेनवमीला गावात प्रत्येक घरी पाट मांडून शस्त्रं पुजत. कुणाची तलवार, कुणाचा कुकरी-चाकू, कुणाचा नुसता पट्टा. आमच्या पाटावर परात असायची. आबा ती राखेने घासायचा, आरशासारखी लखलखीत करायचा, हळदकुंकू लावायचा आणि म्हणायचा, "माझं हत्यार हेच." मी नऊ वर्षांचा असताना माझे मित्र घरी यायचे होते. मी परात पाटावरून उचलली आणि दाराआड ठेवून दिली. पाटावर विळा ठेवला. आबाने ते पाहिलं. पुढच्या वर्षीपासून आमच्या पाटावर विळाच राहिला, परात परत कधी आली नाही.

हे मी उर्मिलेखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला बाकी काही वाटत नसलं, तरी लाज तेवढी वाटते. ती एक शाबूत आहे.

मग हा नंबर आला कुठून? तोही सांगतो.

मी खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये तपासनीस होतो. जुन्या रायफली यायच्या, आम्ही तपासायचो. चालण्याजोगी असेल तर दुरुस्तीला, नसेल तर गोळी बसते त्या चेंबरला आरपार भोक पाडून वर डी आणि पी अशी दोन अक्षरं ठोकायची. ड्रिल पर्पज. म्हणजे ही आता कवायतीपुरती, एनसीसीच्या पोरांनी खांद्यावर घेऊन मिरवायची. अक्षरं मारून झाली की तपासनीस स्वतःचा शिक्का मारायचा, लाकडी दस्त्याच्या खालच्या अंगाला, लहानसं वर्तुळ आणि त्यात आकडा. माझा आकडा एकेचाळीस. रायफलीत कधी काही निघालं की आमचे फोरमन हॉलच्या दारात उभे राहून ओरडत, "एकेचाळीस कोण?" आणि ज्याचा शिक्का असेल त्याने जागेवर उभं राहून "मी" म्हणायचं. चूक असो, बरोबर असो, आधी "मी" म्हणायचं, मग बाकीचं. शिक्का नाकारायचा नाही. चौतीस वर्षांत मी तो कधी नाकारला नाही.

त्र्याऐंशी सालच्या एका सकाळी माझ्या व्हाइसमध्ये, लोखंडी पकडीत, एक रायफल होती. डी मारून झाला होता. गेटवरचा शिपाई आला आणि म्हणाला, "गावाहून निरोप आहे. वडील गेले तुमचे." मी "बरं" म्हणालो. मग पी मारला. एकेचाळीस मारला. वहीत नोंद केली, हात धुतले आणि घरी गेलो. दुपारच्या एसटीत देवदत्त खिडकीशी बसला होता, दहा वर्षांचा. खडकीच्या क्वार्टर्समधली सगळी पोरं फौजेतल्यांची, त्यामुळे त्याने विचारलंच.

"बाबा, आबांच्या रायफलचा नंबर काय होता?"

माझ्या डोळ्यांसमोर एकच नंबर होता. मी म्हणालो, "के त्र्याहत्तर एकोणीस."

एवढंच. एका ओळीचं खोटं. मला वाटलं, पोर आहे, विसरेल. पण पोराने तो नंबर वहीवर लिहिला, कंपासपेटीवर कोरला. पुढे पहिल्या स्कूटरला ७३१९ मिळावा म्हणून आरटीओत चार खेटे घातले. उर्मिला म्हणायची, "सांगून टाका एकदा. वाढत चाललंय ते." मी म्हणायचो, सांगू. तिला जाऊन दोन वर्षं झाली, मी अजून सांगतोच आहे.

सिंगापुरात आल्यावर देवदत्तला जुन्या लष्करी रायफलींचा नाद लागला. इथे बंदूक म्हणजे काय खेळ आहे? नळी कायमची बंद, बोल्ट वेल्ड करून जाम, पोलिसांची परवानगी, कपाटाला दोन कुलपं. अशा तीन रायफली त्याने आठ वर्षांत जमवल्या. एक जपानी, जिच्यावरचं राजमुद्रेचं फूल कुणीतरी घासून टाकलेलं. एक रशियन, आणि एक फारच म्हातारी इंग्रजी मार्टिनी. कपाटात दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून यंत्र चोवीस तास चालतं. मला खोलीत पंखा आहे. पण या तिन्ही नुसत्या तयारीच्या होत्या. तो शोधत होता चौथी. रोज झोपण्याआधी जगभरच्या विक्रेत्यांच्या याद्यांत तो नंबर टाकून बघायचा. पंधरा वर्षं. शेवटी इंग्लंडमधल्या एका दुकानाच्या यादीत तो निघाला. आणि निघणारच होता, कारण तो नंबर खोटा नव्हता. खोटं होतं ते बाकीचं सगळं.

"बाबा, तुम्ही तपासा ना," मटारांच्या दुसऱ्या दिवशी देवदत्त म्हणाला. "तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

मी हातमोजे घातले नाहीत. आयुष्यात कधी घातले नव्हते. रायफल उचलली आणि तिचं वजन हाताला लगेच ओळखू आलं. वरचा डी आणि पी दुकानदाराने घासून वर काळा रंग दिला होता, पण बोट फिरवलं की खळगा लागत होता. चेंबरचं भोक बुजवलेलं होतं. मी ती उलटी केली. दस्त्याच्या खाली, तेलाने काळ्या पडलेल्या लाकडात, वर्तुळ होतं आणि त्यात एकेचाळीस. चार थोडा डावीकडे कललेला. माझा शिक्का मारायचा पंच कललेलाच होता, दोनदा तक्रार करूनही बदलून मिळाला नव्हता.

"कशी आहे?" देवदत्तने विचारलं.

"चांगली ठेवलीय," मी म्हणालो.

त्याने सगळा इतिहास मनात जुळवून ठेवला होता. शरणागतीच्या वेळी आबांनी ती इथेच खाली ठेवली, जपान्यांनी उचलली, युद्धानंतर इंग्रजांनी नेली, आणि आता परत. "फॅरर पार्कच्या मैदानावर, बाबा. आपण कोथिंबीर आणायला एमआरटीच्या ट्रेनने उतरतो ना, तिथे. तिथे आबांनी ही खाली ठेवली असेल." मी मान हलवली. आबा त्या मैदानात होता हे खरं होतं. त्याच्या हातात काय होतं ते मला माहीत नाही. परातच असणार.

इथवर घरातलं घरात होतं. पण देवदत्तच्या ओळखीच्या इथल्या संग्राहकांनी जुन्या शस्त्रांचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि के ७३१९ ला मधली जागा दिली. तारीख पडली दसऱ्याची. खंडेनवमीला घरी पूजा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येऊन रायफल नेणार. देवदत्तने पाटी तयार केली, इंग्रजीत. ऋग्वेदाने, माझ्या नातीने, मला वाचून दाखवली. सिपाही बाळू यांनी सिंगापूरच्या रक्षणासाठी हाती धरलेली रायफल. खाली आबाचा एकुलता एक फोटो, मोठा केलेला. फोटो बरोबर छातीशी कापला होता, आबाच्या कमरेचं ॲप्रन त्यात आलंच नव्हतं.

तिथे जाणकार येणार. त्यांतला एक जरी रायफलीखाली वाकला, एकाने जरी तो काळा रंग खरवडला, तर माझ्या मुलाचं चारचौघांत हसं होणार. एवढं मला दिसत होतं. आणि नाही कुणी वाकलं, तर माझ्या बापाला त्याच्याच नावाने कायमचं पुसून टाकलेलं असणार. विळ्याची गोष्ट घरच्या पाटापुरती होती, ही भर बाजारात. मी सांगायला हवं होतं. दसऱ्याच्या आधी.

एक प्रयत्न केला. डोळ्यांच्या डॉक्टरकडून येताना देवदत्त मला तोआ पायोहला, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेला. बिनदुधाची, बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, त्याला नेमकी मागता येते. मी म्हणालो, "देवा, त्या रायफलीबद्दल एक बोलायचं होतं."

"बाबा, मलाही," तो म्हणाला, आणि सुटलाच. "तुम्हाला कधी बोललो नाही. मी इथे आलो त्या पहिल्या वर्षी कंपनी बंद पडली. आंग मो किओला एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. कामाचा पास संपायला तीस दिवस. परत जायचं ठरवलं होतं, बॅग भरली होती. मग वाटलं, आबा इथे तीन वर्षं राहिले, पोटाला नाही, अंगावर कपडा नाही, तरी टिकले. के त्र्याहत्तर एकोणीसवाला टिकला, मी का नाही? बॅग उघडली. आज जो काय आहे, त्या नंबरामुळे आहे." त्याने कोपीचा घोट घेतला. "तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "गंज बघ म्हणालो. पावसाळी हवा आहे."

खंडेनवमीला इथल्या मराठी मंडळातली पंधराएक माणसं संध्याकाळी घरी आली. अश्लेषाने, माझ्या सुनेने, विद्यापीठातल्या लॅबमधून लवकर येऊन पुऱ्यांची तयारी चालवली होती. हॉलमध्ये पाट, रांगोळी, झेंडूच्या माळा, आणि पाटावर के ७३१९. कुंकवाने लोखंडाला डाग पडतात, म्हणून देवदत्तने तिच्यावर स्वैपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं होतं. देवाला हळदकुंकू पोचावं, पण रायफलीला लागू नये, अशी सोय. उरलेल्या पोळ्या फ्रिजमध्ये ठेवतात तशी ती दिसत होती.

मंडळाचे अध्यक्ष रुचिर. गृहस्थ चांगला, पण समोर पाच डोकी दिसली की भाषण सुटतं. ते बोलायला लागले. सह्याद्रीचा सुपुत्र, परक्या भूमीवर, शस्त्र न टाकता वगैरे. शस्त्र न टाकता कसं? शरणागती म्हणजे दुसरं काय असतं? पण रुचिरला कोण थांबवणार. देवदत्त शेजारी उभा होता, नवा कुर्ता, डोळ्यांत पाणी. मी पाटाशी खुर्चीवर बसलो होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. हात मांडीवर होते, ते माझे आहेत एवढं दिसत होतं.

ऋग्वेदाला प्रदर्शनासाठी फोटो काढायचं काम दिलं होतं. पंधरा वर्षांची पोर, भाषणात तिचा जीव रमत नव्हता. ती पाटाजवळ आडवी पडून मोबाइलचा टॉर्च रायफलीच्या पोटाखाली मारत होती.

"डॅडी, देअर्स समथिंग हिअर," ती म्हणाली. "छोटं सर्कल. इनसाइड फोर्टी-वन." मग तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "फोर्टी-वन कोण?"

"मी," मी म्हणालो.

मी उभाही राहिलो होतो. ते मला नंतर कळलं. रुचिरचं वाक्य मध्येच तुटलं.

"म्हणजे काय, बाबा?" देवदत्तने विचारलं.

एकदा "मी" म्हटलं की बाकीचं सांगावं लागतं, तोच नियम होता. मी सांगितलं. शिक्का माझा. त्र्याऐंशी साली खडकीला ही मीच बाद केली. वर डी आणि पी आहेत, रंग खरवड म्हणजे दिसतील. ही सिंगापुरात कधी होती की नव्हती मला माहीत नाही, पण आबाच्या हातात नव्हती. आबा सिपाही नव्हता. आबा लांगरी होता. नंबर मी तुला सांगितला, तो माझ्या व्हाइसमधला.

रुचिर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "काका गंमत करताहेत." कुणी हसलं नाही. अश्लेषा पीठ लागलेले हात घेऊन स्वैपाकघराच्या दारात उभी होती.

देवदत्तने प्लास्टिक बाजूला केलं आणि नखाने रंग खरवडला. संग्राहक असं कधी करत नाही. तो बराच वेळ खरवडत राहिला. डी निघाला, मग पी.

"एसटीत सांगितला होतात नंबर," तो म्हणाला. "आबा गेले त्या दिवशी."

"हो."

"निरोप आला तेव्हा ही तुमच्यासमोर होती?"

"डी मारून झाला होता. पी राहिला होता."

"मग?"

"मग पी मारला. शिक्का मारला. हात धुतले, आणि निघालो."

"आधी पी मारलात."

"हो," मी म्हणालो. "आणि खोटं का बोललो तेही ऐक. लाज वाटायची. गावात सगळ्यांच्या पाटावर शस्त्रं, आमच्या पाटावर परात. आबा तिलाच कुंकू लावायचा. मी नऊ वर्षांचा असताना ती उचलून दाराआड ठेवली, लोक बघतील म्हणून. त्याने पाहिलं. त्यानंतर त्याने ती कधी पुजली नाही. सत्तावीस वर्षं जगला त्यानंतर. मी कधी त्याला म्हणालो नाही की, ठेवा परत."

देवदत्त उठला आणि आत गेला. मला वाटलं, संपलं. पंधरा वर्षांचा शोध, आंग मो किओची ती बॅग, सगळं माझ्या एका "मी"ने संपलं. पाहुणे पायांकडे बघत होते. एकाने हळूच मोबाइल काढून वेळ पाहिली.

स्वैपाकघरातून अश्लेषाचा आवाज आला, "अरे, त्यात कणीक आहे! पुऱ्यांची आहे!"

"असू दे," देवदत्त म्हणाला.

तो परात घेऊन बाहेर आला. आमची रोजचीच, मुस्तफाच्या दुकानातून आणलेली, कडेला पोचा आलेली. मध्ये अर्धी मळलेली कणीक, तिच्यावर अश्लेषाच्या बोटांचे ठसे. त्याने रायफल थोडी सरकवली आणि पाटावर मधोमध परात ठेवली. मग माझ्यासमोर कुंकवाची कोयरी धरली.

"तुम्ही लावा, बाबा."

"प्लास्टिक घालू?" ऋग्वेदाने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "याला नको."

मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. कुंकवात बोट बुडवलं आणि परातीच्या कडेला लावायला गेलो, पण बोट घसरून कणकेतच रुतलं. ओली, गार कणीक. आबाने मला परातीशी बसवून कणीक तिंबायला शिकवलं होतं, माझ्या हातांवर त्याचे हात ठेवून, आणि ते मी पार विसरून गेलो होतो. माझ्या आतून काहीतरी आवाज आला. आधी मला वाटलं खोकला आहे. मग कळलं की मी रडतोय. बाप जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती, उर्मिलेला जाऊन दोन, आणि मी पंधरा परक्या माणसांसमोर परातीवर ओणवा होऊन लहान पोरासारखा रडत होतो, आणि मला ते थांबवता येईना. देवदत्तने माझ्या पाठीवर हात ठेवला. ऋग्वेदा माझ्या दंडाला धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "इट्स ओके, आजोबा. ओके लाह. ओके."

पाहुणे थांबले. जेवल्याशिवाय जायचं नाही असं अश्लेषाने बजावलं आणि परात उचलून नेली. ते लोक ताटं घेऊन बसले तेव्हा देवदत्तने टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला आणि पाटी नव्याने लिहायला घेतली. उद्या सकाळी गाडी येणार होती, रायफल जाणारच होती.

"नंबर के त्र्याहत्तर एकोणीस," तो लिहिता लिहिता म्हणाला. "कवायतीसाठी बाद. खडकी, एकोणीसशे त्र्याऐंशी. तपासनीस एकेचाळीस. तारीख सांगा, बाबा."

मी तारीख सांगितली. आबा गेला ती.

"आणि फोटो पूर्ण टाकतो, ॲप्रनसकट. लांगरीला इंग्रजीत काय म्हणू? शेफ?"

"शेफ कसला," मी म्हणालो. "कुक लिही."

त्याने लिहिलं. तेवढ्यात अश्लेषा पुऱ्या घेऊन आली. त्यांतली एक लालसर निघाली होती, कुंकवाची. अश्लेषा ती काढून बाजूला ठेवायला लागली.

"ती मला वाढ," मी म्हणालो, आणि ताट पुढे केलं.